'उपवासकाळा'त रोज उपवास असतो का?

प्रश्न असा : कॅथलिक लोक राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतच्या दिवसांना 'उपवासकाळ' म्हणतात, तरी रोज जेवतात. मग 'शुक्रवारचा उपवास' म्हणजे नेमकं काय?

या दिवसांत दोन वेगळी बंधनं आहेत आणि बोलताना दोन्हींना 'उपास'च म्हटलं जातं. घोळ होतो तो त्यामुळे. लॅटिन विधीच्या (म्हणजे रोमन उपासनापद्धती पाळणाऱ्या) कॅथलिकांना सक्तीचा उपवास दोनच दिवस असतो, राखेचा बुधवार आणि गुड फ्रायडे. त्या दिवशी एकदा पोटभर जेवायचं. आणखी दोनदा थोडंसं खाता येतं, पण ते दोन्ही मिळून एका जेवणाइतकं भरता कामा नये. वय १८ पूर्ण ते ५९ पूर्ण. आजारी माणसाला सूट. इथे प्रश्न किती खायचं याचा आहे, काय खायचं याचा नाही. म्हणून एकादशीच्या सवयीने दिवसभर साबुदाण्याची खिचडी खाल्ली, तर हा उपवास होत नाही.

दुसरं बंधन मांसवर्जनाचं. वरचे दोन दिवस आणि या काळातले सगळे शुक्रवार, वयाच्या १४ वर्षांपासून पुढे. मासे, अंडी, दूध चालतं. मोठा सण शुक्रवारी आला, जसा १९ मार्चचा संत योसेफाचा, तर त्या दिवशी वर्जन नसतं. मटणाऐवजी पापलेट तळलं तर नियम मोडत नाही, पण ज्यासाठी नियम केला तो हेतू वाया जातो.

राखेच्या बुधवारी बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या ६व्या अध्यायातलं वाचन असतं. त्यात दान, प्रार्थना आणि उपवास एका ओळीने येतात. जुन्या करारातल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा ५८वा अध्याय त्याहून थेट बोलतो : भुकेल्याला आपली भाकरी वाटून दे, असा उपवास देवाला हवा. तेव्हा मटणाचे वाचलेले पैसे घरातच राहिले तर काटकसर झाली, त्याग नाही. ते दानपेटीत किंवा गरजूच्या हाती जायला हवेत. पैसे नसतील तर आजाऱ्यापाशी बसलेला तासही चालतो.

म्हणून मला 'प्रायश्चित्तकाळ' हा शब्द अधिक नेमका वाटतो. 'उपवासकाळ' रूढ आहे, तो चूक ठरवायचं कारण नाही. सूचना लिहिताना मात्र शब्द वेगळे ठेवावेत : राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला 'उपवास व मांसवर्जन', इतर शुक्रवारी नुसतं 'मांसवर्जन'.