थायरॉइडची गोळी: ब्रँड घ्यावी की जेनेरिक?

कंपनीच्या खास नावाची ब्रँड गोळी घ्यावी की तेच औषध मूळ नावाने विकली जाणारी जेनेरिक, याच गोंधळाची पत्रं सतत येत आहेत, म्हणून त्यांतले काही प्रश्न एकत्र घेतले आहेत.

प्रश्न : जेनेरिक गोळीत औषध कमी असतं म्हणे?

नाही. दोन्हींत लेव्होथायरॉक्सिनच (थायरॉइडच्या हार्मोनचं औषध) असतं आणि पट्टीवर लिहिलेलं प्रमाण दोघांनाही पाळावं लागतं.

प्रश्न : दुकानदार दर महिन्याला वेगळ्या कंपनीची गोळी देतो. म्हणतो, "सगळं एकच आहे." चालेल का?

चालणार नाही, आणि माझी खरी काळजी हीच आहे. या औषधाचा डोस मायक्रोग्रॅममध्ये मोजतात, त्यामुळे एवढ्यातेवढ्या फरकानेही टीएसएच (थायरॉइडच्या तपासणीत मोजतात तो रक्तातला हार्मोन) हलतो. म्हणूनच अमेरिकेच्या एफडीए या औषध नियंत्रक संस्थेने २००७ मध्ये नियम कडक केला : मुदत संपेपर्यंत गोळीतलं औषध लिहिलेल्या प्रमाणाच्या ९५ ते १०५ टक्क्यांच्या आतच हवं. शिवाय कंपनीगणिक गोळीतले इतर घटक वेगळे असतात, त्यामुळे औषध अंगात किती शोषलं जातं, यातही थोडा फरक पडू शकतो.

हे औषध शरीरातून निम्मं व्हायला साधारण ७ दिवस लागतात. रक्तातली पातळी स्थिरावून टीएसएचमध्ये नीट दिसायला ६ ते ८ आठवडे जातात. तुम्ही महिन्याला कंपनी बदलता, मग रिपोर्ट नेमका कुठल्या गोळीचा समजायचा? डॉक्टर त्यावरून डोस वाढवतात, पुढच्या महिन्यात पट्टी पुन्हा बदलते आणि हे चक्र चालूच राहतं. जास्त नफा सुटणारी पट्टी गिऱ्हाइकाच्या हातात द्यायची, हा उद्योग थांबायलाच हवा. ब्रँड असो की जेनेरिक, एकाच कंपनीची गोळी धरून ठेवा. रिकामी पट्टी दुकानात नेऊन "हीच हवी" म्हणा. कंपनी बदलावीच लागली, तर डॉक्टरांना कळवून ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच करा. गरोदर स्त्रिया, हृदयरोगी आणि थायरॉइडच्या कॅन्सरवर उपचार झालेल्यांनी तर परस्पर बदल करूच नये.

प्रश्न : गोळी बदलल्यापासून छातीत धडधडतं. जुनीच पुन्हा सुरू करू का?

स्वतःच्या मनाने काही करू नका. डोस जास्त होत असेल किंवा दुसरं काही कारणही असू शकेल. दोन्ही पट्ट्या घेऊन लवकर डॉक्टरांना भेटा. छातीत दुखत असेल किंवा दम लागत असेल, तर लगेच रुग्णालय गाठा.

प्रश्न : गोळी चहाबरोबर घेतली तर?

नको. उपाशीपोटी, पाण्याबरोबर, खाण्याआधी अर्धा ते एक तास. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या ४ तासांच्या अंतराने.

प्रश्न : केसांसाठी बायोटिन घेते. थायरॉइडला बाधेल?

थायरॉइडला नाही, पण रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. तपासणीआधी किमान २ दिवस बंद ठेवा आणि लॅबला सांगा.

प्रश्न : टीएसएच नॉर्मल आला. आता गोळी बंद करू?

तो गोळीमुळेच नॉर्मल आहे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका.