गाडीची पुढची काच : ओरिजिनल की बाहेरची?

प्रश्न : माझी पाच वर्षांची छोटी हॅचबॅक आहे. गेल्या आठवड्यात निपाणीहून कोल्हापूरला येताना कागलच्या अलीकडे खडीच्या डंपरमधून उडालेला खडा पुढच्या काचेवर बसला. डाव्या कोपऱ्यात तडा गेला आणि चार दिवसांत तो मधल्या आरशाखाली पोचला. शोरूममध्ये साडेअकरा हजार सांगितले, कोल्हापूरच्या उद्यमनगरात साडेपाच. माझे दीर म्हणतात, ओरिजिनलच टाका, डुप्लिकेट काच जिवावर बेतेल. इन्शुरन्स आहे. काय करू?
— एक शिक्षिका, गडहिंग्लज

उत्तर : ताई, कडेपासून निघालेला तडा थांबत नसतो. उन्हात तापलेल्या काचेवर गार एसी सोडला, नाहीतर खड्ड्यात चाक आपटलं, की तो आणखी सरकतो. त्यामुळे काच बदलायला लागणारच, आणि ती या आठवड्यातच बदला. तोवर एसीचा झोत काचेवर सोडू नका आणि दार हळू लावा.

आता दिरांच्या 'डुप्लिकेट' या शब्दाकडे येतो. तीस वर्षं उद्यमनगरात काचा बसवतोय आणि हा शब्द रोज ऐकतोय. गाडीची कंपनी स्वतः काच बनवत नाही, ती काचवाल्यांकडून घेते. आपल्याकडे या धंद्यात दोन मोठी नावं आहेत, असाही इंडिया आणि सेंट-गोबेन सेक्युरिट. सेक्युरिटचा कारखाना तर आपल्या चाकणलाच आहे. हेच काचवाले गाडीच्या कंपनीचा शिक्का मारून शोरूमला माल देतात आणि स्वतःच्या नावाने बाजारातही विकतात. म्हणजे बाहेरची काच म्हणजे डुप्लिकेट, असं नसतं. बाजारात काच तीन तऱ्हेची येते. एक गाडीच्या कंपनीच्या शिक्क्याची, दुसरी नावाजलेल्या काचवाल्याच्या स्वतःच्या शिक्क्याची आणि तिसरी कुणाच्याच नावाची नाही अशी. पहिल्या दोन्हींत निवड करताना पैसे आणि गाडी बघा. तिसरी फुकट मिळाली तरी घेऊ नका.

तुम्हाला साडेपाच हजारांत यातली कुठली देणार आहेत, हे काच बसवायच्या आधी बघून घ्या. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांचा छाप असतो. मोबाइलची बॅटरी लावून वाचा. काच बनवणाऱ्याचं नाव, 'लॅमिनेटेड' हा शब्द, आयएसआयची खूण, आयएस २५५३ हा मानक क्रमांक आणि 'सीएम/एल' अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक, एवढं त्यात हवं. छाप पुसट असेल, नुसतं एखादं चित्र असेल, किंवा दुकानदार 'बसवल्यावर बघा की' म्हणत असेल, तर उठून या. बिलावरही काचवाल्याचं नाव लिहून घ्या.

छाप बरोबर निघाला तरी एक परीक्षा मी चुकवत नाही. आमच्या दुकानासमोर एक जुनं लोखंडी शटर आहे, आडव्या पन्हळींचं. नवी काच दोघांनी उभी धरायची, गाडीत असते तशी तिरकी करायची आणि तिच्यातून त्या शटरकडे बघत डोकं हळूहळू खालीवर करायचं. चांगल्या काचेतून पन्हळी सरळ दिसतात. खराब काचेतून त्या पाण्यातल्यासारख्या हलतात, कुठं फुगतात, कुठं आवळतात. कडेला चार बोटं थोडं हललेलं चालतं. पण ड्रायव्हरच्या डोळ्यासमोरच्या पट्ट्यात रेघ वाकली, तर मी ती काच परत पाठवतो. तुम्हीही बघा. शटर नसलं तर विजेचा खांब किंवा भिंतीची कड चालेल.

या परीक्षेचा आग्रह मी का धरतो, ते सांगतो. सुरुवातीच्या काळात एका डॉक्टरांच्या गाडीला मी अशीच बिननावाची स्वस्त काच बसवली होती. ते आठवड्यातून दोनदा रात्री आंबा घाटातून रत्नागिरीला जायचे. पंधरा दिवसांनी आले आणि म्हणाले, "समोरच्या गाडीचे दिवे दोन-दोन दिसतात, डोकं दुखतं." मी म्हणालो, सवय होईल. ते परत आले. तेव्हा रात्री नऊ वाजता मी स्वतः त्यांच्या सीटवर बसलो आणि शिरोलीच्या बाजूने हायवेला गाडी घातली. समोरच्या प्रत्येक दिव्याच्या वर त्याचीच एक फिकट सावली तरंगत होती. पुढची लॅमिनेटेड काच म्हणजे दोन काचा आणि मधे प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, साधारण पाऊण मिलिमीटरचा. दोन्ही काचा एकमेकींना नीट समांतर नसल्या की उजेड दोन वाटांनी डोळ्यात येतो. दिवसा काहीच कळत नाही. ती काच मी माझ्या पैशाने बदलून दिली. पण पंधरा दिवस तो माणूस घाटात तशा काचेतून बघत गाडी चालवत होता, हे मला आजही विसरता येत नाही.

काचेइतकंच, खरं तर काचेपेक्षा जास्त, महत्त्व बसवण्याला आहे. पूर्वी अँबॅसिडर आणि प्रीमियर पद्मिनीची काच रबरात असायची. रबराच्या खाचेत सुतळी घालायची आणि आतून ती ओढत न्यायची, की काच जागेवर बसायची. आताच्या गाड्यांत काच पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटने, म्हणजे एका चिकट लेपाने, थेट पत्र्याला चिकटवतात. गाडी उलटली तर छताला आधार द्यायला ही काच असते. डाव्या बाजूची एअरबॅग फुगताना बऱ्याच गाड्यांत याच काचेला टेकून माणसाच्या दिशेने वळते. काच शोरूमची घेतली आणि चिकटवताना घाई केली, तर धक्क्यात ती सबंध सुटून बाहेर येऊ शकते. म्हणून दुकानात हे विचारा : पीयू लावता की सिलिकॉन? सिलिकॉन म्हणाले तर तिथे काच बसवू नका, त्यात तो जोर नसतो. जुनं सीलंट तारेने कापल्यावर पत्र्यावर त्याचा एक-दोन मिलिमीटरचा थर ठेवता ना? पत्र्याला ओरखडा गेला तर प्रायमर लावता ना? (तो ओरखडा तसाच राहिला तर वर्षाभरात आतून गंज धरतो आणि मग पावसाचं पाणी पायाशी येतं.) सीलंटच्या ट्यूबची मुदत संपलेली नाही ना? आणि गाडी किती वेळाने हलवायची? हा वेळ प्रत्येक सीलंटचा वेगळा असतो, कुठे तासाभराचा, कुठे बऱ्याच तासांचा, आणि तो कंपनीने लिहून दिलेला असतो. 'लगेच न्या की' म्हणणाऱ्याने तो कागद वाचलेला नाही. माझ्याकडे दुपारनंतर आलेली गाडी मी दुसऱ्या दिवशी सकाळीच देतो.

तुम्ही गडहिंग्लजहून येणार, तर सकाळी लवकर या. जाताना बाजूची एक काच बोटभर उघडी ठेवा, म्हणजे दार लावताना आतल्या हवेचा दाब नव्या काचेवर येणार नाही. वर लावलेल्या चिकटपट्ट्या दुसऱ्या दिवसापर्यंत काढू नका आणि दोन दिवस प्रेशरने गाडी धुऊ नका.

इन्शुरन्सचा हिशोब मात्र कागदावर मांडूनच ठरवा. काचेला घसारा (जुन्या भागाची कपात) लागत नाही, म्हणजे झीरो डेप, घसारा न कापणारं जादा कव्हर, नसलं तरी काचेचे पैसे पूर्ण धरतात. तुमची गाडी १५०० सीसीच्या आतली, म्हणजे १,००० रुपये सक्तीने तुमच्या खिशातून जाणार. शोरूमच्या साडेअकरा हजारांतले साडेदहा हजार मिळतील, हे ऐकायला बरं वाटतं. पण साध्या पॉलिसीत क्लेम केला की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सवलत, शून्यावर येतो. तुमचा बोनस ५० टक्क्यांवर पोचला असेल आणि सवलतीआधीचा ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा) हप्ता समजा ९,००० असेल, तर पुढच्या वर्षी ४,५०० जास्त भरायला लागतील. नंतर बोनस २०, २५, ३५, ४५ असा चढत पुन्हा ५० वर येईपर्यंत दर वर्षी काही ना काही जातच राहणार. सगळं मिळून सव्वाअकरा हजारांच्या आसपास होतं. गाडीची किंमत उतरते तसा हप्ताही उतरतो, म्हणून प्रत्यक्षात थोडं कमी. म्हणजे मिळालं तेवढंच गेलं. बोनस वाचवणारं जादा कव्हर पॉलिसीत असेल तर गोष्ट वेगळी. तेवढं एजंटला विचारून घ्या.

माझा सल्ला : तुमच्या गाडीला नावाजलेल्या काचवाल्याची बाहेरची काच बसवा, पैसे खिशातून द्या, क्लेम करू नका. गाडीत पुढच्या काचेमागे कॅमेरा असता तर मी उलटं सांगितलं असतं. महिंद्राची एक्सयूव्ही ७०० आल्यापासून, म्हणजे २०२१ पासून, 'अडास'वाल्या, म्हणजे रस्ता बघून स्वतः ब्रेक मारणाऱ्या, गाड्या आमच्याकडेही यायला लागल्या. आरशामागचा तो कॅमेरा काचेतूनच रस्ता बघतो. त्याला धरणारी पट्टी काचेवर बसवलेली असते आणि काच बदलली की कॅमेऱ्याला नव्याने जुळवून घ्यायला लागतं. कॅमेरा जरासा तिरका राहिला तर गाडी चुकीच्या वेळी ब्रेक मारेल, नाहीतर मारायच्या वेळी मारणार नाही. अशा गाडीला कंपनीच्या शिक्क्याचीच काच घ्यावी, जुळवणी जिथे करून मिळते तिथेच बसवावी आणि त्यासाठी क्लेम करायला लागला तरी करावा.

प्रश्न : मी भाड्याची गाडी चालवतो. काचेवर खडा लागून टिकलीएवढा फुटका झालाय, तडा नाही. मालक म्हणतात चालू दे. हे भरून मिळतं का?
— एक ड्रायव्हर, शिरोली

उत्तर : भावा, मिळतं, पण आज. त्या खड्ड्यात धूळ आणि पाणी गेलं की भरणी नीट धरत नाही. आत्ताच्या आत्ता त्यावर पारदर्शक चिकटपट्टी लाव आणि वायपर त्यावरून फिरवू नकोस. भरणारा माणूस आधी आतली हवा ओढून काढतो, मग पातळ रेझिन दाबाने आत सोडतो आणि अल्ट्राव्हायोलेट दिव्याने ते कडक करतो. अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. डाग पूर्ण जात नाही, पुसट खूण राहते. पण तडा पुढे सरकायचं थांबतं आणि मूळ काच, कारखान्यात बसलेली, जागेवरून हलत नाही. ती न हलणं मला सगळ्यात मोलाचं वाटतं.

दोन ठिकाणी मी भरून देत नाही. एक तर ड्रायव्हरच्या थेट नजरेसमोर, कारण ती पुसट खूण रात्री दिव्याने चमकते. दुसरं कडेला लागून, कारण तिथे काचेवर ताण असतो आणि भरलं तरी तडा निघतो. मालकांना सांग, आज भरणीचे पैसे वाचवले तर ऊस सुरू झाल्यावर सबंध काचेचे द्यायला लागतील. ट्रॉल्यांच्या मागे रस्त्यावर काय काय पडलेलं असतं, ते तुला मी सांगायला नको.

प्रश्न : माझी जुनी जीप आहे, शेतावर आणि राधानगरीच्या बाजारापर्यंतच फिरते. पुढची काच सपाट आहे. एकजण टफन्ड काच कापून स्वस्तात बसवून देतो म्हणतोय. वय अडुसष्ट, वेग तीसच्या वर नाही. चालेल ना?
— एक शेतकरी, राधानगरी तालुका

उत्तर : आबा, नाही चालणार. आणि टफन्ड काच कापताच येत नाही, कापायला गेलं की तिचा चुरा होतो. मापाने कापून मग भट्टीत तापवून कडक करतात. म्हणजे समोर कापून देणारा माणूस साधी खिडकीची काच देतोय. ती फुटली तर सुऱ्यासारखे तुकडे अंगावर येतील.

खरी टफन्डसुद्धा पुढे नको. ती बाजूच्या खिडक्यांना असते. एक खडा बसला की सबंध काच एका क्षणात साबुदाण्याएवढ्या दाण्यांची होते आणि समोरचं काहीच दिसत नाही. बांधावरून जाताना तेवढा क्षण पुरे होतो. लॅमिनेटेड फुटते, पण जागेवर राहते, मधला पापुद्रा तुकडे धरून ठेवतो. १९०३ साली एडुआर बेनेडिक्टस नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाच्या हातून प्रयोगशाळेत बाटली पडली. ती फुटली, पण विखुरली नाही, कारण आत वाळलेल्या रसायनाचा थर होता. तिथून ही काच निघाली. मोटार वाहन नियमांतला १०० क्रमांकाचा नियमही पुढे लॅमिनेटेडच मागतो.

तुमची काच सपाट आहे, हे उलट तुमच्या फायद्याचं आहे. सपाट लॅमिनेटेड काच मापाने कापून मिळते, वाकडीसारखा साचा लागत नाही, त्यामुळे खर्चही फार नाही. चौकटीचं माप स्वतः मोजू नका. जुनी काच फुटलेली असली तरी चिकटपट्टीने धरून तशीच घेऊन या, रबरासकट. रबर कडक झालं असेल तर तेही बदलू, नाहीतर पहिल्याच पावसात पाणी आत येईल.