नेफिलीम : पतित देवदूत की त्यांची संतती?

बायबलमधील ‘नेफिलीम’ या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘पतित देवदूत’ असा द्यावा की ‘अर्धदेवदूत’ असा, अशी विचारणा झाली आहे. माझ्या मते पहिला अर्थ टाळावा. दुसरा हनोखाच्या ग्रंथाला (हनोखाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या प्राचीन यहुदी ग्रंथाला) चपखल बसतो, पण बायबलमधील मूळ उताऱ्याला तो लावताना जपून राहावे.

बायबलमधील ‘उत्पत्ती’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात ‘बेने हाएलोहीम’, म्हणजे देवपुत्र, मानवकन्यांवर लुब्ध होतात आणि त्यांना संतती होते. (आपल्या कोकणातील ‘बेने इस्राएल’ या नावात जो ‘बेने’ आहे, तोच हा शब्द.) त्या काळी पृथ्वीवर नेफिलीम होते असेही तेथे म्हटले आहे, मात्र तीच ही संतती, असे वाक्यात उघड सांगितलेले नाही.

ती सांगड हनोखाच्या पहिल्या ग्रंथाच्या परंपरेत ठळकपणे दिसते. शमिहाजाच्या पुढारपणाखाली 200 ‘ईरीन’, म्हणजे जागे राहणारे देवदूत, हर्मोन पर्वतावर उतरून एकमेकांना शपथेने बांधून घेतात. त्यांची महाकाय मुले माणसांनी कष्टाने पिकवलेले सारे फस्त करतात आणि ते पुरेनासे झाल्यावर माणसांनाच खाऊ लागतात. या कथेतील सर्वांत मार्मिक भाग त्यांच्या मृत्यूनंतरचा आहे : बाप स्वर्गातले असले तरी जन्म पृथ्वीवरचा, म्हणून त्यांच्या देहांतून निघालेल्या आत्म्यांना स्वर्गात थारा नाही, आणि तेच दुष्ट आत्मे होऊन माणसांना छळत पृथ्वीवर राहतात. मृत समुद्राजवळील कुमरान येथे सापडलेल्या हस्तलिखितांच्या अरामी तुकड्यांत तर अशा महाकायांपैकी एकाचे नाव चक्क गिल्गमेश, म्हणजे मेसोपोटेमियाच्या महाकाव्याच्या नायकाचे, आहे.

गोंधळ होतो तो बहुधा व्युत्पत्तीमुळे. शब्दाचा संबंध सामान्यतः ‘पडणे’ या अर्थाच्या ‘न-फ-ल’ या धातूशी जोडतात, आणि ‘पडलेले’ म्हटले की ‘पतित देवदूत’ आठवतात. पण कथेत पतन होते ते पित्यांचे. बेरेशीत रब्बा या मिद्राशाने, म्हणजे उत्पत्तीवरील जुन्या यहुदी भाष्याने, त्याच धातूवरून, ते स्वतः पडले आणि त्यांनी जगालाही पाडले, असा अर्थ लावला आहे. बायबलच्या प्राचीन ग्रीक भाषांतराने ‘गिगांतेस’ म्हणजे महाकाय हा पर्याय घेतला. बायबलमधील ‘गणना’ या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात कनान देश पाहायला गेलेले इस्राएली हेर नेफिलीमांपुढे स्वतःला टोळांसारखे समजतात, तेथे ‘महाकाय’च शोभतो.

‘राक्षस’ हा शब्द मी वापरणार नाही, कारण त्यामागे आपल्याकडील पूर्णपणे वेगळी वंशकथा उभी राहते. ‘नेफिलीम’ हेच रूप ठेवून पहिल्या उल्लेखाला थोडक्यात खुलासा द्यावा. शेवटचा ‘ईम’ हा हिब्रू अनेकवचनाचा प्रत्यय असल्याने ‘नेफिलीम होते’ असे लिहावे, ‘नेफिलीम्स’ असे लिहू नये.