पुण्यात नव्याने राहायला आल्यावर आपल्या परिसरातील महापालिकेच्या बातम्या आणि सोयी वेळेवर कशा कळतात?

आपण विचारले आहे की, सहा महिन्यांपूर्वी पुण्यात घर घेतले, पण पाणी कोणत्या दिवशी बंद आहे, कोणत्या योजनेचा अर्ज कधी भरायचा, समोरचा रस्ता कोणी खणला, यांतले काहीच वेळेवर कळत नाही आणि शेजाऱ्यांना विचारले तर तेही "पेपरात आलं होतं बहुतेक" एवढेच सांगतात. मी कर्वेनगरमध्ये 26 वर्षे राहते आणि त्यांतली 11 वर्षे आमच्या सोसायटीचा सूचनाफलक मी सांभाळते. त्या अनुभवावरून सांगते की, बातम्या कमी नसतात. त्या आपल्या घरापर्यंत पोहोचतात तेव्हा मुदत संपलेली असते, ही खरी अडचण आहे.

म्हणून बातमी शोधण्याआधी आपला पत्ता महापालिकेच्या भाषेत माहीत करून घ्या. आपण "बाणेर" किंवा "बिबवेवाडी" म्हणतो. महापालिका प्रभाग क्रमांक, क्षेत्रीय कार्यालय (महापालिकेचे आपल्या भागातील कार्यालय) आणि जलकेंद्र (जिथून आपल्याकडे पाणी सोडले जाते ते केंद्र) या तीन गोष्टींवरून आपल्याला ओळखते. पुण्यात 15 क्षेत्रीय कार्यालये आहेत आणि जानेवारी 2026 मधील निवडणूक 41 प्रभागांतून 165 नगरसेवक निवडण्यासाठी झाली. त्याआधीच्या सभागृहाची मुदत मार्च 2022 मध्ये संपली होती आणि मधली जवळजवळ चार वर्षे कारभार प्रशासकांच्या हाती होता. त्या काळात नगरसेवकाचे दार ठोठावण्याची सोय नसल्यामुळे आम्हांला क्षेत्रीय कार्यालयातील कनिष्ठ अभियंता, आरोग्य निरीक्षक आणि मुकादम यांची नावे पाठ करावी लागली, आणि आता नगरसेवक आले असले तरी ती ओळख आम्ही सोडलेली नाही. आपणही आधी ही माणसे कोण आहेत ते पाहा. एका प्रभागातून बहुधा चार नगरसेवक असल्यामुळे एकाच कामासाठी चौघांनाही लेखी पत्र द्यावे आणि प्रत्येकाकडून पोच घ्यावी, म्हणजे काम कोणाचे यावरून ते अडकत नाही.

पाण्याचे उदाहरण घेतले तर हे अधिक स्पष्ट होईल. देखभाल-दुरुस्तीसाठी पुण्यात बहुतेक वेळा गुरुवारी पाणी बंद ठेवतात आणि महापालिकेच्या प्रकटनात, म्हणजे जाहीर सूचनेत, "शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणीपुरवठा होईल" हे वाक्य असतेच. त्याच्या खाली भागांची जी लांबलचक यादी येते ती पर्वती, वारजे, लष्कर, वडगाव, भामा आसखेड अशा जलकेंद्रांनुसार लावलेली असते. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगवेगळ्या टाक्यांचे पाणी येऊ शकते, त्यामुळे यादीत आपल्या भागाचे नाव दिसले नाही म्हणून निर्धास्त राहू नये आणि दिसले म्हणून लगेच टाक्या भरायलाही धावू नये. व्हॉट्सॲपवर फिरणारे पाणीबंदीचे निरोप अनेकदा मागच्या वर्षीचे असतात. त्यात दिलेली तारीख खरोखर गुरुवारी येते का, एवढे कॅलेंडर उघडून पाहिले तरी निम्म्या अफवा गळून पडतात.

यापेक्षा महत्त्वाचे आहे ते महापालिकेचे वर्ष समजून घेणे. कोणती गोष्ट कोणत्या महिन्यात येते हे एकदा लक्षात आले की, बातमीची वाट न पाहता आपणच चौकशी करू लागतो. एप्रिलपासून नवे मिळकतकराचे बिल लागू होते आणि पहिल्या काही आठवड्यांत भरणाऱ्यांना सवलत असते. आपण घर नुकतेच घेतले आहे, तेव्हा एक गोष्ट आजच तपासा: मालक स्वतः राहत असलेल्या घराला पुण्यात करात 40 टक्के सवलत आहे, पण ती बिलात आपोआप लागलेली असेलच असे नाही. त्यासाठी पीटी-3 नावाचा अर्ज पुराव्यांसह द्यावा लागतो. आमच्या इमारतीत जुने घर विकत घेतलेल्या एका कुटुंबाने हे माहीत नसल्यामुळे दोन वर्षे पूर्ण दराने कर भरला. मूळ मालकाने घर भाड्याने दिले होते, म्हणून सवलत निघालेली होती, आणि नव्या मालकांना बिल वाचण्याची गरजच वाटली नव्हती. गरजू कुटुंबांसाठी असलेल्या शहरी गरीब वैद्यकीय योजनेचे कार्डही एका आर्थिक वर्षापुरतेच असते. घरी कामाला येणाऱ्या बाईंना ते एप्रिलमध्येच काढून द्यावे, कारण आजारपण आल्यावर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत उभे राहणे फार जड जाते.

पावसाळ्याच्या उत्तरार्धात, साधारणपणे ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, पुढील वर्षाच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे मागवतात. पुण्यात ही पद्धत 2006 मध्ये सुरू झाली आणि मला ती या शहराची फार मोलाची गोष्ट वाटते. बाक, पदपथाची दुरुस्ती, दिवे, बसथांब्याचे छप्पर अशी लहान कामे आपण सुचवू शकतो. मी पहिल्यांदा अर्ज भरला तेव्हा कॅनॉल रोडच्या कडेला ज्येष्ठांसाठी चार बाक मागितले होते. अर्ज फेटाळला गेला, कारण ती पट्टी महापालिकेच्या मालकीची नव्हती, दुसऱ्या सरकारी खात्याची होती. पुढच्या वर्षी मी आधी कनिष्ठ अभियंत्यांना सोबत नेऊन जागा दाखवली, मालकीची खात्री केली, अर्जाला जागेचा फोटो आणि नकाशा जोडला आणि मग तेच बाक शंभर पावले अलीकडे मंजूर झाले. आता संध्याकाळी तिथे बसायला जागा मिळत नाही. एवढ्या साध्या गोष्टीसाठी दोन वर्षे गेली, तरी ती गेल्याचे मला वाईट वाटत नाही.

काही बातम्या तर छापून येण्याआधीच रस्त्यावर लागलेल्या असतात. झाड तोडण्याची परवानगी मागितली गेली की, 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार त्या झाडावरच नोटीस लावतात आणि हरकतीसाठी सात दिवस देतात. तीन वर्षांपूर्वी आमच्या कोपऱ्यावरच्या पर्जन्यवृक्षाच्या बुंध्यावर, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला असा एक कागद मी पाहिला. पिशवीत पाणी शिरून शाई पसरली होती, पण तारीख वाचता येत होती आणि तो पाचवा दिवस होता. त्याच दुपारी आम्ही सात जणांनी सात स्वतंत्र हरकती दिल्या. सह्यांचे एकच निवेदन देण्यापेक्षा प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहिलेले पत्र अधिक वजनदार ठरते, असा माझा अनुभव आहे. पाहणीनंतर झाडाच्या धोकादायक फांद्या तेवढ्या छाटल्या गेल्या. फिरायला जाताना खांब, झाडे आणि कामाच्या जागेवरचे फलक वाचण्याची सवय मला तेव्हापासून लागली.

रस्ता कोणी खणला, याचे उत्तरही मिळू शकते. राज्य शासनाने नोव्हेंबर 2018 मध्ये काढलेल्या निर्णयाने स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख, म्हणजे कामांच्या फाइली, पाहण्याची सोय केली; ती सध्या चालू आहे का, हे आधी विचारून घ्या. पुणे महापालिकेत तर ही पद्धत त्याच्याही आधीपासून होती. मी आमच्या गल्लीच्या काँक्रीटीकरणाची फाइल अशीच पाहिली. त्यातील कार्यादेश (ठेकेदाराला दिलेला कामाचा आदेश), मोजमाप पुस्तक (झालेल्या कामाच्या मापांची नोंद) आणि दोषदायित्व कालावधी (ज्या काळात कामातील दोष ठेकेदाराने दुरुस्त करायचे असतात तो काळ) या तीन गोष्टी पाहिल्या की, बाकीची पाने चाळली नाहीत तरी चालते. रस्त्याला तडे गेले होते आणि दोषदायित्वाचा कालावधी अजून संपलेला नव्हता, म्हणजे दुरुस्ती ठेकेदाराने स्वखर्चाने करायची होती. नुसत्या तक्रारीला आधी उत्तर आले नव्हते. कार्यादेशाचा क्रमांक आणि ती तारीख लिहून पत्र दिल्यावर तीन आठवड्यांत काम झाले. सोमवारी जमले नाही तर माहितीचा अधिकार आहेच: दहा रुपयांचे शुल्क, 30 दिवसांची मुदत आणि उत्तर न आल्यास प्रथम अपील. अर्जात "माहिती द्यावी" एवढे मोघम लिहू नये, नेमक्या कागदाचे नाव लिहावे.

सोयींबद्दल थोडक्यात सांगते. महापालिकेचे दवाखाने, अभ्यासिका, ज्येष्ठांची विरंगुळा केंद्रे, महिलांसाठीचे प्रशिक्षणवर्ग, दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठीचे अर्थसाह्य, हे सर्व शहरात आहे. महापालिकेच्या समाज विकास विभागाच्या समूहसंघटिका, म्हणजे वस्त्यांत जाऊन काम करणाऱ्या कर्मचारी, याची सर्वांत चांगली माहिती देतात. महापालिकेच्या कारभारावर लक्ष ठेवणाऱ्या सजग नागरिक मंचासारख्या संस्थांचे काम पाहत राहिल्यास प्रश्न कसे विचारायचे हेही कळते.

आणि ज्यांना या बातम्या सर्वांच्या आधी कळतात त्यांच्याशी बोला. आमच्याकडे पाण्याची चावी फिरवायला येणारे एक काका आहेत. पहाटे पाचला सायकल भिंतीला टेकवून, रस्त्यातले लोखंडी झाकण उचलून, लांब दांड्याची चावी आत घालून ते आटे, म्हणजे चावीचे फेरे, मोजत फिरवतात. मागच्या उन्हाळ्यात त्यांनी मला सांगितले, "ताई, या आठवड्यात दोन आटे कमी सोडायला सांगितलेत, वरच्या मजल्यांना चढणार नाही." मी सकाळी सात वाजता ते फलकावर लिहिले. प्रकटन तिसऱ्या दिवशी आले.