ई-फुटबॉलच्या, म्हणजे व्हिडिओ गेमवरच्या फुटबॉलच्या मॅचमध्ये कोण जिंकणार, हे आधी कसं ओळखायचं?

नुसती मागची ट्रॉफी बघून अंदाज बांधू नका. फिफा ई-वर्ल्ड कपची 2019 ची लंडनमधली फायनल घ्या. एकीकडे आदल्या वर्षीचा विजेता, सौदीचा मोसाद अल्दोसारी. समोर जर्मनीचा मोहम्मद हारकूस. मोसादचा हात एक्सबॉक्स या कन्सोलवर (गेम खेळायच्या यंत्रावर) बसलेला, हारकूसचा प्लेस्टेशनवर, आणि फायनल दोन लेगची, म्हणजे दोन मॅचची, दोन्ही कन्सोलवर एकेक. म्हणजे परक्या कन्सोलवर कोण तग धरतो, हाच खरा प्रश्न होता. हारकूसने एक्सबॉक्सवर 1-1 अशी बरोबरी साधली, माझ्या मते पारडं तिथेच फिरलं! मग प्लेस्टेशनवर 2-1, एकूण 3-2. आणखी एक: जुन्या मॅचमध्ये गोल खाल्ल्यावर खेळाडू घाईने पुढे धावतो की शांतपणे पास फिरवतो, ते डोळ्यांत तेल घालून बघा.