आधी चेष्टा, मग मदत

कोल्हापूर

प्रिय लेकी,

अनेक आशीर्वाद.

माहेरचा मुक्काम संपवून तू राजारामपुरीत परत आलीस आणि आता ओळखीच्या चार-पाच नव्या आयांना धरून आईबाबांचा व्हॉट्सअ‍ॅप गट काढायचा म्हणतेस. जरूर काढ. पण 'गट फक्त उपयोगाच्या माहितीचा ठेवायचा, टाइमपास नको' असं जे तू लिहिलंयस, ते मला पटत नाही. नुसत्या माहितीचा गट लवकरच गप्प होतो. काही विचारायचं म्हणजे आपल्याला काय येत नाही ते चारचौघांत सांगणं आलं, आणि ते अनोळखी माणसांसमोर कुणी करत नाही. दुपारी जिच्याबरोबर बाळाच्या शीवरून पोट धरून हसलं, तिलाच रात्री तीन वाजता 'मला जमत नाहीये गं' असं लिहिता येतं. म्हणून आधी चेष्टामस्करी नीट लागू दे. मदत तिच्यामागून येते.

माणसं किती घ्यायची ते आधी ठरव. व्हॉट्सअ‍ॅप 1024 जणांना परवानगी देतं, पण तुला सहा ते आठ घरं पुरेत. त्याहून मोठ्या गटात प्रत्येकाला वाटतं की दुसरं कुणीतरी उत्तर देईल, आणि कुणीच देत नाही. बाळांच्या वयात चार महिन्यांहून जास्त अंतर नको, म्हणजे अडचणी एकाच वेळी येतात. एखादं घर मात्र दोन वर्षांच्या पोराचं मुद्दाम घे. 'हे दिवस जातात' हे त्यांनी सांगितलं तर खरं वाटतं. घरं स्कूटरवरून पंधरा-वीस मिनिटांत गाठता येतील अशी बघ. इचलकरंजीची मैत्रीण गप्पांना चालेल, पण रात्री तिच्याकडून ताप मोजायचा थर्मामीटर मागवता येत नाही.

आणि दोघांनाही घे, आईला आणि बाबाला. फक्त आया असल्या की बाबाला सगळं ऐकीव कळतं आणि धावपळ पुन्हा तिच्याच गळ्यात पडते. टाक्यांचं दुखणं, अंगावर पाजण्याच्या अडचणी हे पुरुषांसमोर निघत नाही, त्यासाठी आयांचा वेगळा छोटा गट असू दे. तो लपवू नका, आहे म्हणून सगळ्यांना सांगा. अ‍ॅडमिन दोन असावेत, जमल्यास त्यातला एक बाबा. आत यायची लिंक कुणाच्या हाती देऊ नकोस. नवं घर घ्यायचं तर आधी सगळ्यांना विचार.

आता मस्करी. ती आपोआप होईल यावर विसंबू नकोस, कारण दमलेल्या माणसाला विनोद सुचत नाही. त्याला आयता साचा द्यावा लागतो. एकच खेळ लाव आणि रोज तोच चालू दे. आपल्या गावाला कुस्तीची भाषा वेगळी शिकवावी लागत नाही, तेव्हा 'आजचा पैलवान' धर. दुपारी तीनच्या सुमाराला, पोरं झोपलेली असतात तेव्हा, प्रत्येक घराने आज बाळाने आपल्याला कुठल्या डावात चीतपट केलं ते एका ओळीत लिहायचं. 'लंगोट बदलताना तीन मिनिटं झुंज, चौथ्या मिनिटाला माझ्याच अंगावर धार.' 'नाचणीची पेज तोंडात कमी, भिंतीवर जास्त.' एका ओळीचा नियम मोडू देऊ नकोस. एका हातावर बाळ असतं आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने टाइप होईल तेवढंच रोज जमतं. लांब लिहिण्याची प्रथा पडली की ज्यांना वेळ नाही ते हळूहळू सुटतात, आणि नेमकी त्यांनाच गटाची गरज जास्त असते.

शनिवारी मतदान घे. व्हॉट्सअ‍ॅपच्या पोलमध्ये बारा पर्याय बसतात, तुझी आठ घरं त्यात आरामात मावतात. जिंकलेल्या बाळाला आठवडाभर 'केसरी' म्हणायचं आणि त्याच्या आईबाबांनी गटाचं नाव बदलायचं. बक्षीस एवढंच ठेव. पैसे, भेटवस्तू, केक यातलं काही आलं की चुरस येते, आणि चुरस आली की कुणीतरी दुखावतं. फोटो टाकायचे ते पसाऱ्याचे, उलटलेल्या वाटीचे, शाई लागलेल्या चादरीचे. बाळाचा चेहरा, अंघोळीचा फोटो, पाळणाघराचा पत्ता यातलं काही नको. एकदा पुढे गेलेला फोटो परत बोलावता येत नाही.

चेष्टा कशाची करायची हे पहिल्याच दिवशी लिहून टाक. बाळाच्या करामती आणि स्वतःची फजिती, बस. बाळाचं वजन, रंग, आईला दूध किती येतं, नॉर्मल की सिझेरियन, बाटली लावली का, कोण नोकरीवर गेली आणि कोण घरी बसली, मुलगा की मुलगी, यांवर एक शब्दही नको. सासूबाईंवरची चेष्टा सगळ्यांत सोपी असते आणि सगळ्यांत महागात पडते. फोन ओट्यावर पडलेला असतो, निरोप पडद्यावर झळकतो, आणि वाचणारी माणसं घरातलीच असतात.

तुलना मात्र मस्करीच्या आडून गुपचूप शिरते. 'आमची तर सहाव्यातच बसायला लागली' या साध्या वाक्याने दुसऱ्या घरातली रात्र जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यांप्रमाणे आधाराशिवाय बसणं साधारण 4 ते 9 महिन्यांत कधीही येतं आणि एकट्याने चालणं 8 ते 18 महिन्यांत. एवढा मोठा पल्ला आहे, हे गटाच्या माहितीत लिहून ठेव. नवी करामत सांगायची असेल तर महिन्याचा आकडा वगळून सांगा, 'आजपासून आमच्या घरातले खालचे सगळे कप्पे तिच्या मालकीचे.' तेच सांगितलं, पण कुणाला पट्टी लावली नाही.

कुणाला लागलंच, तर ते असं ओळख: ज्याची चेष्टा झाली तो एरवी लगेच उत्तर देतो आणि आज दोन-तीन तास गप्प आहे. तेव्हा गटात माफीनामे नकोत. अ‍ॅडमिनने तो निरोप सगळ्यांसाठी काढून टाकावा आणि फोन उचलून थेट बोलावं. टाइप केलेल्या शब्दांत आवाज नसतो, म्हणून अर्धे गैरसमज तिथेच होतात. यावर महिन्यातून एकदा भेटणं हा चांगला उपाय आहे. रविवारी सकाळी आठ ते साडेनऊ, टाऊन हॉलची बाग नाहीतर महावीर उद्यान. संध्याकाळचा रंकाळा टाळा, सुट्टीच्या गर्दीत बाबागाडी पुढे सरकत नाही आणि भेळेच्या गाड्यांपाशीच सगळे अडकता. ज्याचा चेहरा पाहिलाय त्याची मस्करी नंतर बोचत नाही.

उत्तर कसं द्यायचं हेही शिकवावं लागतं. समजा कुणी सकाळी लिहिलं, 'रात्री 11, 1, अडीच, चार. मी आता माणूस उरले नाही.' यावर 'झोपवायच्या आधी पोटभर पाजत नाहीस का?' हे उत्तर दिसायला काळजीचं आहे, पण त्यात चूक तुझीच आहे हा निकाल दडलेला आहे. त्यापेक्षा 'चारची पाळी आमच्याकडेपण होती. चहा ठेवते, पाच मिनिटांत फोन करू?' हे हजार पटीने बरं. अडचण लिहिणाऱ्याने निरोपाच्या सुरुवातीला 'ऐका' किंवा 'सुचवा' एवढा एक शब्द टाकायचा, अशी सवय लाव. 'ऐका' असेल तर कुणीही सल्ला द्यायचा नाही. या एका शब्दाने बरीच भांडणं वाचतात.

औषधाच्या बाबतीत मात्र मी कडक आहे आणि तूही राहा. गटात औषधाचं प्रमाण कुणीही सांगायचं नाही, घरात डॉक्टर असला तरी नाही. तापाच्या पॅरासिटामॉलचंच बघ. थेंबांच्या बाटलीत 1 मिलिलिटरमध्ये 100 मिलिग्रॅम औषध असतं. सिरपमध्ये 5 मिलिलिटरला 120 किंवा 125, काहींत 250. एकीने 125 चं सिरप बघून लिहिलं 'आम्ही अडीच मिली दिलं', आणि दुसरीने तेवढंच थेंबांच्या बाटलीतून दिलं, तर 62 च्या जागी 250 मिलिग्रॅम गेलं, म्हणजे चौपट. शिवाय प्रमाण बाळाच्या वजनावर ठरतं, वयावर नाही. ओआरएसचंही तसंच. मोठं पाकीट 1 लिटर पाण्याचं असतं, छोटं 200 मिलिलिटरचं. पाकिटावर वाचून पूर्ण पाकीट पूर्ण पाण्यात घालायचं. अंदाजाने अर्धं पाकीट पेल्यात टाकलं की मीठ वाढतं आणि ते बाळाला घातक ठरू शकतं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला तर गटात विचारत बसायचंच नाही, लगेच डॉक्टर. वर्षाच्या आत मध नाही, गुटीबरोबर चाटवायलाही नाही. आणि गंगावेशीच्या कट्ट्यावरचं धारोष्ण दूध मोठ्यांनी आवडीने प्यावं, बाळाला न तापवलेलं दूध देऊ नये. आजी-आजोबा आग्रह करतील, तेव्हा 'डॉक्टरांनी नको म्हटलंय' एवढं सांगून विषय संपवा.

मग आजारपणात गटाने करायचं काय? तीनच उत्तरं चालतील. डॉक्टरांचा नंबर, 'गाडी घेऊन येऊ का?', 'मोठ्याला आमच्याकडे सोड'. गटाच्या माहितीत 108, प्रत्येक घराच्या बालरोगतज्ज्ञाचा नंबर आणि रात्रभर उघडं असणारं जवळचं औषधाचं दुकान लिहून ठेव. रात्री तातडी असली तर निरोप पाठवू नये, सरळ फोन करावा. गट सगळ्यांनी म्यूट केलेला असतो.

डब्याची पाळी लावशील तेव्हा वेळ नीट निवड. बारशापर्यंत घर पाहुण्यांनी भरलेलं असतं, तेव्हा डबे पोचवून काय उपयोग? गरज पडते ती सव्वा महिन्यानंतर किंवा पुढे कधीतरी माहेराहून परत आल्यावर. माणसं पांगलेली असतात, नवरा कामावर, आणि दुपारी पोळी लाटायला हात मोकळा नसतो. त्या दिवसापासून दोन आठवडे, एक दिवसाआड एक डबा. भाकरी, मुगाची आमटी, दुधी नाहीतर दोडक्याची भाजी; तांबड्या रश्श्याची हौस पुढे कधीतरी. साडेबाराच्या आत फाटकाशी ठेवायचा आणि निघायचं. आत बोलावलं तरी पहिल्या आठवड्यात जाऊ नये, कारण आत आलेल्याला चहा करावा लागतो. रिकामा डबा धुऊन पाठवायची सक्ती नको. झबली, दुपटी, टोपडी फिरवा, गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवून. बाटलीची बुचं आणि ब्रेस्ट पंपाचे भाग मात्र एकीचे दुसरीला देऊ नका, आणि एकीचं काढलेलं दूध थेट दुसऱ्या बाळाला तर नाहीच. त्यातून संसर्ग जाऊ शकतो.

गटातल्या सगळ्यांत हसवणाऱ्या माणसाकडे जास्त लक्ष ठेव, हे तुला कळकळीने सांगते. 'मी घर सोडून निघूनच जाते' हे एकदा लिहिलं तर मस्करी. आठवड्यात तिसऱ्यांदा लिहिलं तर ती मस्करी नव्हे. बाळंतपणानंतरचं रडू साधारण दोन आठवड्यांत ओसरतं. त्यापुढेही टिकलं, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल, बाळाला जवळ घ्यावंसं वाटत नसेल, तर डॉक्टरांना दाखवायला हवं. गटात विचारू नकोस, एकटीला फोन कर आणि सरळ विचार, 'स्वतःला किंवा बाळाला काही करावंसं वाटतंय का?' असं विचारल्याने तो विचार कुणाच्या डोक्यात शिरत नाही. उत्तर 'हो' आलं किंवा नुसतं गप्प राहणं आलं, तर तिला एकटं सोडायचं नाही, नवऱ्याला किंवा घरच्यांना बोलवायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीत बोलता येतं. हे बाबांच्या बाबतीतही होतं. ते गप्प बसतात एवढाच फरक.

शेवटचं काम पावसाळ्यापूर्वीचं. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट हे आपल्याकडे पाठच असतं. पण 2019 आणि 2021 च्या महापुरात महामार्ग बंद पडला की दूध, पेट्रोल, औषधं सगळंच अडलं, आणि 2019 ला उपसा केंद्रं पाण्याखाली जाऊन नळही कोरडे पडले. म्हणून जूनमध्येच जोड्या लावा. सुतारवाडा, दुधाळी, शुक्रवार पेठ, शाहूपुरीतली कुंभार गल्ली अशा सखल भागातल्या प्रत्येक घराला राजारामपुरी, सम्राटनगर, आर. के. नगर अशा उंचावरचं एक घर. कोण कुणाकडे जाणार, गाडी कुणाची, आजी-आजोबांसह माणसं किती, पिशवीत काय, हे लिहून ठेवा. बाळ पावडरचं दूध घेत असेल तर आठ दिवसांची पावडर, औषधं, लसीकरणाचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत, उकळून गार केलेलं पाणी, लंगोट. पाणी 39 फुटांवर गेलं की 'बघू या' म्हणायचं नाही, निघायचं. लहान बाळ घेऊन बोटीत चढण्यापेक्षा आदल्या दिवशी रिक्षाने गेलेलं केव्हाही चांगलं.

पहिल्या निरोपाचा मजकूर लिहिलास की मला पाठव. पाच-सहा वाक्यांच्या वर जाऊ देऊ नकोस, आणि 'आजचा पैलवान'ची पहिली ओळ तूच टाक.

तुझी,
मावशी