दगड पत्र्यावर, बोट चुलतीवर

प्रश्न : सर, मोहोळ तालुक्यात आमची शेतात वस्ती आहे. आषाढापासून रात्री पत्र्यावर दगड पडतात. १४ वर्षांच्या पुतणीच्या अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठल्या. तिला स्थळ आलंय, ते मोडायची भीती आहे. देवरुषी म्हणतो, भानामती आहे, घरातल्या विधवा चुलतीनंच केली. तिच्या वाट्याच्या रानावरून कुरबुर चालूच आहे. मोबाइलवर अमेरिकेतल्या बेल कुटुंबाची हकिगत पाहिली. तिथे तर भुतानं घरधनी मारला. मग आमचंच खोटं कसं?

उत्तर : बेलची गोष्ट पुरती ऐका. टेनेसी राज्यातल्या रॉबर्टसन परगण्यातला जॉन बेल हा शेतकरी. १८१७ च्या सुमारास त्याच्या घरात दारं वाजू लागली, पांघरुणं ओढली जाऊ लागली, लेक बेट्सीला चिमटे आणि थपडा बसू लागल्या. पुढे म्हणे आवाजच बोलू लागला. २० डिसेंबर १८२० ला जॉन वारला. घरात एक बाटली सापडली, त्यातलं औषध मांजराला पाजलं तर मांजर मेलं, मग बाटली विस्तवात टाकली. पुरावा जाळून मोकळे! हे सगळं सविस्तर छापलं मार्टिन इन्ग्रॅम या संपादकानं, १८९४ साली. आधार कशाचा, तर जॉनच्या एका मुलाच्या आठवणींचा. प्रकार सुरू झाला तेव्हा तो सहा-सात वर्षांचं पोर.

तुमच्या कामाचं वेगळंच आहे. तिथंही संशय गेला तो शेजारच्या केट बॅट्स या बाईवर. आणि त्या आवाजाची मागणी काय होती? बेट्सीनं ठरलेलं लग्न मोडावं. तिनं मोडलं.

आता फुल्या. बिब्ब्याचं तेल कातडीला लागलं की फोड येतात, कुणीही लावलं तरी. पण फुली आपोआप उठत नाही हो, ती काढावी लागते. पोरीला सोलापूरला सिव्हिलमध्ये कातडीच्या डॉक्टरांना दाखवा. फुल्या तिचा हात पोचतो तिथेच आहेत का, हे मनातल्या मनात बघा. तसं असलं तरी रागावू नका, मारू तर मुळीच नका. तिला एकटीला विचारा, लग्न करायचंय का शाळा शिकायचीय? तुमच्या एवढ्या पत्रात तिचं स्वतःचं म्हणणं एका ओळीतही नाही. चौदाव्या वर्षी लग्न लावणं हा गुन्हाच आहे. ते स्थळ आजच परत पाठवा.

चुलतीचं नाव पुन्हा तोंडातून काढू नका. बाईवर करणीचा आळ घेऊन तिचं जगणं अवघड करणं २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात बसतं. सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आहे. देवरुषीलाही हेच कलम लागतं, त्याला सांगून बघा. रानाचा वाद तलाठ्याकडे, वकिलाकडे न्या.

दगड टाकणारा हात सापडला, तर गावासमोर उभा करू नका. नाव मलासुद्धा कळवू नका.